प्रश्न तर विचारला गेलेलाच असतो

"गोळी किती वेळात चढते?" "लघवीत किती दिवस सापडते?" "डिप्रेशनचं औषध चालू असताना घेतली तर?" "मित्र घोरतोय, हलवलं तरी उठत नाही." अंमली पदार्थांविषयी लोक जे शोधतात ते बहुतेक असे असते: तुटक, घाईत टाइप केलेले, कुणाला दिसू नये म्हणून नंतर पुसून टाकलेले. यातला शेवटचा प्रश्न तर प्रश्नही नाही, हाक आहे. तिला उत्तर मिळते ते साधारण तीन ठिकाणांहून. एक, व्यसन म्हणजे समाजाला लागलेली कीड वगैरे प्रवचन. दोन, कोणत्या कलमाखाली किती वर्षे आत जाल याचा तक्ता. तीन, माल विकणारा. या तिघांत त्या घटकेला उपयोगी पडेल असे काही बोलतो तो बहुधा तिसराच, आणि तो का बोलतो हे सांगायला नको.

या विषयावरची सार्वजनिक चर्चा 'माहिती द्यावी की देऊ नये' यावर येऊन अडते आणि तिथेच बसकण मारते. पण प्रश्न तर विचारला गेलेला असतो. कुठून ना कुठून त्याला उत्तरही मिळणार असते. ते कोणी द्यावे आणि कुठपर्यंत द्यावे, एवढेच आपल्या हातात उरते. आमचे मत असे की ज्याला औषध आणि शरीर दोन्ही कळते त्याने ते द्यावे, नेमके द्यावे, आणि विचारणाऱ्याची लायकी तपासत बसू नये.

आधी विचारणारे कोण ते पाहू, कारण इथेच पहिली गफलत होते. 'ड्रग्जची माहिती शोधणारा' म्हटले की डोळ्यांसमोर एक नशेखोर पोरगा उभा राहतो. प्रत्यक्षात शोधणाऱ्यांत असतात काळ्या पडलेल्या फॉइलचा तुकडा कपाटात सापडलेली आई, दुखण्यावर ट्रॅमाडॉल चालू असलेला रुग्ण, रात्रपाळीची नर्स, वसतिगृहाचा रेक्टर, परीक्षेचा विद्यार्थी, तुरुंगातून सुटून येणाऱ्या भावाची वाट पाहणारी बहीण. घेणारेही असतात, आणि त्यांच्यातही आज पहिल्यांदा घेणारा, दर शनिवारी घेणारा आणि सोडायचा विचार करणारा यांचे प्रश्न एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. या सगळ्यांना एकच पान दाखवणे म्हणजे तापाला, मोडलेल्या हाडाला आणि विंचवाला एकच गोळी देण्यासारखे आहे.

आई-बापांचेच घ्या. त्यांना मिळते ती 'लक्षणांची यादी': चिडचिड, उशिरापर्यंत झोप, बंद दार, अभ्यासात लक्ष नाही, नवे मित्र. ही सोळा वर्षांच्या कुठल्याही मुलाची यादी झाली. तिच्यातून एक तर उगाच संशय निघतो नाहीतर उगाच दिलासा. त्याऐवजी डोळ्यांच्या बाहुल्यांकडे बघा असे सांगितले तर निदान काही हाती लागते: हेरॉइन, फेंटॅनिल, कोडीन या ओपिऑइड (अफूसारखा परिणाम करणाऱ्या) गटात अंधूक उजेडातही बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, कोकेन, मेथ (मेथॲम्फेटामीन), मेफेड्रोन, एमडीएमए (म्हणजेच एक्स्टसी) या उत्तेजकांत ती भर उजेडातही मोठी राहते. खालून काळी झालेली, वर तपकिरी ओघळ असलेली फॉइल म्हणजे काहीतरी तापवून धूर ओढला गेला आहे. लाल डोळ्यांपेक्षा हे कितीतरी बोलके.

मग घाबरलेले घर लघवी तपासायची पट्टी आणते. तिच्या खोक्यावर 'ओपिएट' असे लिहिलेले असते, आणि वाचणाऱ्याला वाटते की अफूच्या कुळातले सगळे यात आले. तसे नसते. ही चाचणी मुळात मॉर्फिन ओळखण्यासाठी बेतलेली. हेरॉइन आणि कोडीन शरीरात मॉर्फिनमध्ये बदलतात म्हणून ती सापडतात. फेंटॅनिल, मेथाडोन, ट्रॅमाडॉल यांची रचना वेगळी, म्हणून ती निसटतात. केटामीन या भुलीच्या औषधालाही नेहमीची पट्टी पकडत नाही. उलट सर्दीवरच्या गोळीतले स्युडोएफेड्रिन ॲम्फेटामीनच्या खिडकीत खोटी रेघ उमटवू शकते, आणि खसखस घातलेला पदार्थ खाल्ल्यावर मॉर्फिन खरोखरच लघवीत उतरते. म्हणजे निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत, पॉझिटिव्ह आली म्हणून कानाखाली, आणि दोन्ही वेळा चूक. पट्टीचा निकाल प्राथमिक असतो, पक्का निकाल प्रयोगशाळेतल्या मास स्पेक्ट्रोमेट्रीचा, हे वाक्य खोक्यावर असते खरे, पण मुंगीच्या अक्षरात.

आता भीतीच्या शिकवणुकीचा हिशेब. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातला पोलीस वर्गात येऊन मुलांना 'नाही म्हणायला' शिकवायचा. तो अमेरिकाभर पसरला, बाहेरही गेला, पालकांना आवडला, पोलिसांना आवडला. पुढे अभ्यासकांनी मोजले तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष वागण्यावर त्याचा टिकाऊ परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. त्यानंतर १९९८ पासून अमेरिकी सरकारने तरुणांसाठी जाहिरातींची मोठी मोहीम चालवली. २००४ पर्यंत तिच्यासाठी १.२ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मंजूर झाली. सरकारनेच करवलेल्या मूल्यमापनात ती निष्फळ ठरली, आणि गांजाच्या बाबतीत काही मुलांवर उलटाच परिणाम झाल्याच्या खुणा आढळल्या. कारण समजायला अवघड नाही. 'सगळे घेत असले तरी तू घेऊ नकोस' असे रोज ऐकणाऱ्या मुलाच्या डोक्यात पहिला भाग जास्त पक्का बसतो.

याहून वाईट म्हणजे विश्वास जातो. २००२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात माकडांवरचा एक प्रयोग छापून आला. एमडीएमएच्या एका रात्रीतल्या मात्रांनी मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींना गंभीर इजा होते, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि तो जगभर गाजला. वर्षभरात तो मागे घ्यावा लागला: बाटल्यांवरची लेबले बदलली गेली होती आणि माकडांना एमडीएमएऐवजी मेथॲम्फेटामीन दिले गेले होते. चूक कबूल झाली हे विज्ञानाच्या पदरात टाकायला हवेच. पण घाबरवणारी बातमी पहिल्या पानावर आणि माघार आतल्या पानावर, हे वाचकाने टिपले. ज्या मुलाला सांगितले की गांजाच्या एका झुरक्याने माणूस संपतो, आणि ज्याने झुरका मारणारा मित्र दुसऱ्या दिवशी वर्गात बसलेला पाहिला, तो पुढे फेंटॅनिलबद्दलचा इशाराही त्याच पिशवीत टाकतो. लांडगा खरोखर येतो तेव्हा शेतात कुणी धावत नाही.

भीतीइतकीच धोक्याची असते अर्धी माहिती. १९९५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये एका मुलीने तिच्या अठराव्या वाढदिवसाला एक्स्टसीची एक गोळी घेतली आणि काही दिवसांनी ती गेली. एका गोळीने बळी घेतला अशी फलकबाजी देशभर झाली. तपासणीत निघाले ते असे: गोळीनंतर दीड तासाच्या आत ती सुमारे सात लिटर पाणी प्यायली होती. रक्तातले सोडियम उतरले, मेंदूला सूज आली. 'एक्स्टसी घेतली तर पाणी पीत राहा' हा सल्ला त्या काळी पार्ट्यांतून फिरत होता, आणि तो खोटाही नव्हता. तासन्‌तास नाचून घामाने निथळणाऱ्याचे शरीर तापते, त्याला पाणी लागतेच. पण सल्ल्याचा उरलेला अर्धा भाग तिच्यापर्यंत पोचला नव्हता. एमडीएमए शरीरात व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाढवते, ते मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला सांगते, म्हणून प्यायलेले पाणी बाहेर पडत नाही. नाचत असाल तर तासाला साधारण अर्धा लिटर, घोट घोट, त्यात थोडे क्षार. बसून असाल तर त्याहून कमी. आणि अधूनमधून गर्दीबाहेर जाऊन अंग थंड होऊ देणे. संपूर्ण सल्ला हा आहे. त्यातले 'पाणी प्या' हे दोनच शब्द गर्दीतून पुढे सरकले. फलकांनीही हा उरलेला अर्धा भाग सांगितला नाही, कारण 'पाणी किती प्यावे' हे सांगणे म्हणजे गोळी घेण्याला मान्यता देणे, असा समज होता.

नाव आणि वस्तू यांची फारकत हा या क्षेत्रातला वेगळाच चकवा. माणूस नावाने शोधतो, आणि नाव हे दुकानदाराने चिकटवलेले लेबल असते. 'टुसी' किंवा 'गुलाबी कोकेन' नावाने मिळणारी पूड घ्या. टुसी हा शब्द २सी-बी या भास दाखवणाऱ्या रसायनाच्या नावावरून आला. शोधणाऱ्याला २सी-बीची सविस्तर माहिती मिळते, किंवा कोकेनची. तपासणीत त्या पुडीत बहुतेक वेळा यांतले काहीच नसते. असते केटामीन, जोडीला एमडीएमए, कॅफिन आणि रंग. त्याने वाचलेले पान अचूक असते, फक्त ते त्याच्या हातातल्या वस्तूबद्दल नसते. 'स्पाइस'ला कृत्रिम गांजा म्हणतात म्हणून लोक गांजाची माहिती वाचतात. गांजातले टीएचसी मेंदूतल्या ग्राहीला (रसायन जिथे जाऊन चिकटते त्या जागेला) अर्धवटच चालना देते, स्पाइसमधली बरीच रसायने पूर्ण ताकदीने देतात. झटके, बेशुद्धी, मृत्यू हे तिथे घडते. आणि मराठी वाचकासाठी एक खास खड्डा: मराठी बातम्यांत 'एमडी' म्हणजे मेफेड्रोन, इंग्रजी पानांवर ही दोन अक्षरे एमडीएमएकडे नेतात. दोन्ही उत्तेजक खरी, पण मेफेड्रोन लवकर उतरते आणि पुन्हा पुन्हा घ्यायला लावते. एमडीएमएच्या पानावरचे तासांचे हिशेब तिथे लागू पडत नाहीत. छोट्या भाषांत शोधणाऱ्याची गत अशी की आपल्या भाषेत अटकेच्या बातम्या आणि परक्या भाषेत माहिती, मध्ये पूल नाही.

एककांचा घोळही इथलाच. एलएसडी मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, एमडीएमए मिलिग्रॅममध्ये. एका अक्षराच्या चुकीत हजार पटींचा फरक पडतो, आणि ०.१ ग्रॅमपर्यंतच वाचणारा काटा या दोन्हींसाठी निरुपयोगी आहे, हे ज्याला ठाऊक नाही तो त्याच काट्यावर विसंबतो.

घेणाऱ्यांनी घेणाऱ्यांसाठी लिहिलेल्या माहितीबद्दल सरकारी यंत्रणा नाक मुरडतात. ते बरोबर नाही. 'इरोविड' हे संकेतस्थळ १९९५ पासून चालू आहे, आणि नव्या रसायनांबद्दलची पहिली वर्णने कित्येकदा वैद्यकीय नियतकालिकांआधी अशा ठिकाणी आली. युरोपात २०२३ अखेरपर्यंत ९५० हून अधिक नवी मादक रसायने नोंदली गेली होती. इतक्या वेगाशी पाठ्यपुस्तक कसे धावणार? परंतु अनुभवकथनांची एक उणीव कायम लक्षात ठेवावी लागते. ती जिवंत राहिलेल्यांनी लिहिलेली असतात. ज्याचे हृदय बंद पडले तो 'काल रात्री काय झाले' हे लिहायला परत येत नाही. म्हणून 'मी इतके घेतले, काही झाले नाही' या वाक्याला पुरावा म्हणून शून्य किंमत आहे, तर 'मी इतक्यातच कोसळलो' या वाक्याला मोठी. पहिल्यात लिहिणाऱ्याचे वजन, सवय, मालाची शुद्धता यांतले काहीच ठाऊक नसते. दुसऱ्यात निदान एक तरी शरीर तिथे कोसळले हे कळते. वाचायचेच असेल तर तारीख बघावी, कोणत्या वस्तूबद्दल लिहिले आहे आणि ती तपासलेली होती का हे बघावे, आणि आकडे खालच्या बाजूने धरावेत.

हल्ली हेच प्रश्न संवादी यंत्रांनाही, म्हणजे चॅटबॉटना, विचारले जातात. यंत्र कधी हात झटकते, कधी सफाईदार वाक्यात चुकीचा आकडा देते. हात झटकलेला माणूस दुसरीकडे विचारतो, पण सफाईदार वाक्यावर विश्वास बसतो. दोन्हींत अधिक वाईट कोणते ते उघड आहे.

हातातली वस्तू काय आहे हे कळणे, ही खरी माहिती. नेदरलँड्सने १९९२ पासून हे राष्ट्रीय पातळीवर मांडले: माणूस ठरलेल्या केंद्रात गोळी घेऊन येतो, नाव सांगत नाही, प्रयोगशाळा ती तपासते, त्याला निकाल मिळतो आणि देशाला बाजाराची खबर. डिसेंबर २०१४ मध्ये तिथे सुपरमॅनच्या चिन्हाची एक गुलाबी गोळी आली. एक्स्टसी म्हणून विकलेली, पण आत होते सुमारे १७० मिलिग्रॅम पीएमएमए, हे वेगळेच आणि जास्त घातक रसायन. पीएमएमए सावकाश चढते. घेणाऱ्याला वाटते गोळी हलकी आहे, तो दुसरी घेतो, आणि दोन्ही एकदम चढून शरीराचा ताप आवाक्याबाहेर जातो. नेदरलँड्सने लगेच दूरदर्शनवर आणि वृत्तपत्रांत गोळीचे छायाचित्र दाखवून इशारा दिला. तिथे या गोळीने कुणी गेल्याची नोंद नाही. इशारा देणारी तशी यंत्रणा त्या वेळी ब्रिटनमध्ये नव्हती. नव्या वर्षाच्या आसपास तिथे चार जण मेले. बंदी दोन्ही देशांत होती, गोळी एकच होती. न्यूझीलंडने २०२० मध्ये अशी तपासणी तात्पुरती कायदेशीर केली आणि २०२१ मध्ये कायमची. इतर देशांना यात नेमकी कशाची अडचण वाटते ते समजत नाही; म्हणजे समजते, पण पटत नाही.

केंद्र नसेल तिथे फेंटॅनिलची पट्टी असते, म्हणजे हेरॉइनहून कितीतरी तीव्र असलेले हे ओपिऑइड मालात मिसळले आहे का ते दाखवणारी, आणि ती वापरताना होणाऱ्या चुका पाहिल्या की 'माहिती नेमकी हवी' याचा अर्थ कळतो. साधारण १० मिलिग्रॅम पूड स्वच्छ भांड्यात घेऊन तिच्यात अर्धा छोटा चमचा, म्हणजे अडीच मिलिलिटर, पाणी घालायचे. माल मेथ किंवा एमडीएमए म्हणून घेतलेला असेल तर प्रत्येक १० मिलिग्रॅमला पूर्ण चमचा पाणी, कारण ही दोन रसायने दाट द्रावणात पट्टीला फसवतात आणि नसलेले फेंटॅनिल दाखवतात. नागमोडी टोक १५ सेकंद बुडवायचे, मग पट्टी आडवी ठेवून दोन ते पाच मिनिटे थांबायचे. आता निकाल: एक रेघ म्हणजे फेंटॅनिल आहे, दोन रेघा म्हणजे सापडले नाही. गर्भचाचणीच्या बरोबर उलट! दोन रेघा म्हणजे 'आहे' ही सवय डोळ्यांत इतकी मुरलेली असते की पट्टीबरोबर हे वाक्य ठळक दिले नाही तर माणूस एक रेघ पाहून सुटकेचा श्वास टाकतो आणि पुडी उघडतो. दुसरी रेघ फिकट असली तरी ती रेघच धरायची.

आणि दोन रेघा आल्या तरी? पट्टी नायटाझीन ओळखत नाही. हे १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या एका औषध कंपनीत शोधलेले, औषध म्हणून कधीच बाजारात न आलेले ओपिऑइड गेल्या काही वर्षांत परत आले आहेत, आणि त्यांतले काही फेंटॅनिलहून तीव्र आहेत. त्यांच्यासाठी वेगळी पट्टी लागते. शिवाय पूड सारखी मिसळलेली नसते. बिस्किटात चॉकलेटचे तुकडे जसे कुठे दाट कुठे विरळ, तशीच गत. ज्या कोपऱ्यातून चिमूट घेतली तिथे काही नाही म्हणजे उरलेल्यात नाही असे होत नाही. किती आहे हे तर पट्टी सांगतच नाही. रंग बदलणाऱ्या मार्क्विस द्रावणाचेही तेच: जांभळा-काळा रंग आला तर एमडीएमए असू शकते, पण सोबत आणखी काय आहे आणि किती, यावर ते गप्प. असे सगळे स्वच्छ सांगितले की ऐकणारा पट्टीच्या भरवशावर शेर होत नाही, उलट कचरतो. 'पट्टी वापरा, सुरक्षित राहा' अशी घोषणा मात्र त्याला शेर बनवते.

इथे नेहमीचा आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. एवढे तपशील दिले तर ज्याने घेतली नसती तोही घेईल. कुणी एखादा घेईलही. तसे होणारच नाही अशी हमी देणारा प्रामाणिक नाही. पण ज्या गोष्टी मोजता येतात तिथे भीती खरी ठरलेली नाही. नालोक्सोन हे ओपिऑइडवरच्या उताऱ्याचे औषध घराघरांत दिल्याने किंवा स्वच्छ सुया वाटल्याने सेवन वाढल्याचे अभ्यासांत दिसत नाही, मृत्यू आणि संसर्ग घटलेले दिसतात. आणि हाही विचार करावा की 'केटामीनवर दारू पिऊ नकोस, उलटी श्वासनलिकेत जाईल' हे वाक्य वाचून कुणाला केटामीन घ्यावेसे वाटेल?

मर्यादा आम्हीही मानतो. रसायन कसे बनवायचे, कच्चा माल कुठून आणायचा, विक्रेता कसा गाठायचा, तपासणी कशी चुकवायची: हे जीव वाचवणाऱ्या माहितीत मोडत नाही, आणि ते सांगण्याचे कुणावर बंधन नाही. सर्वात अवघड आहे मात्रेचा प्रश्न. 'किती घेऊ' याला आकडा देणारा माणूस अनोळखी पुडीबद्दल बोलतोय, ज्यात काय आहे ते दोघांनाही माहीत नाही. म्हणून आकडा देणे हीच तिथे खोटी माहिती ठरते. पण 'पहिली चढली नाही असे वाटले तरी दुसरी घेऊ नकोस', 'एकटा असताना घेऊ नकोस', 'दोन वस्तू एकत्र करू नकोस' ही मात्रेबद्दलचीच उत्तरे आहेत आणि ती खरी आहेत. गांजाचा खाण्याचा पदार्थ चढायला दोन तासही लागू शकतात; अर्ध्या तासात 'काहीच नाही' म्हणून दुसरा तुकडा खाणारे दवाखान्यांत पोचतात.

औषधांच्या भेटीगाठी हा भाग तर डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांनीच सांगायचा. एसएसआरआय गटातल्या डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर एमडीएमएचा परिणाम बोथट होतो, आणि माणूस ती भर जास्त मात्रेने काढायला जातो. एमएओआय या डिप्रेशनवरच्याच जुन्या गटातल्या औषधांवर एमडीएमए घेतली तर मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचा भडका जीव घेऊ शकतो. ट्रॅमाडॉल झटक्यांचा धोका वाढवते. ओपिऑइड आणि झोपेच्या गोळ्या एकत्र म्हणजे श्वास मंदावणाऱ्या दोन वस्तू एकत्र. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये दोन्हींच्या खोक्यांवर सर्वात कडक इशारा छापायला लावला. कोकेन आणि दारू मिळून यकृतात कोकाइथिलीन तयार होते, ते कोकेनपेक्षा जास्त वेळ टिकते आणि हृदयाला जास्त जाचते. हे प्रश्न रुग्ण तोंडावर विचारत नाही, कारण 'तुम्ही घेता का?' हा पुढचा प्रश्न आणि तो कागदावर उतरेल ही धास्ती. डॉक्टरने न विचारता, सगळ्यांनाच सांगितले तर कुणालाच कबुली द्यावी लागत नाही. इतका साधा उपाय फार कमी ठिकाणी होतो.

सोडण्याबद्दलची माहिती सर्वात दुर्लक्षित, कारण सगळ्यांना वाटते की 'सोड' म्हटले की काम झाले. रोज भरपूर दारू पिणारा किंवा महिनोन्‌महिने अल्प्राझोलामसारख्या चिंतेवरच्या गोळ्या घेणारा एका झटक्यात थांबला तर झटके आणि भ्रम येऊन मरू शकतो. तिथे मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने उतरवावी लागते. ओपिऑइडचे उलट. ते सुटताना जीव नकोसा होतो पण सहसा जात नाही. जातो तो नंतर. काही आठवडे बंद राहिले की शरीराची सवय मोडते, आणि जुनी मात्रा आता प्राणघातक असते. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला: सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा धोका तिथल्या इतर रहिवाशांच्या १२९ पट निघाला. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतणाऱ्यालाही हीच जोखीम असते. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, ही नशेच्या ओपिऑइडऐवजी डॉक्टर देतात ती औषधे, चालू ठेवली तर ती बरीच कमी होते, पण 'एक नशा सोडून दुसरी कशाला' म्हणून नातेवाईकच ते बंद करायला लावतात. बहिणीने शोधायची माहिती ही होती. तिला सापडते ते 'इच्छाशक्ती वाढवण्याचे दहा मार्ग'.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये अंमली पदार्थांशी जोडलेले सुमारे सहा लाख मृत्यू झाले, त्यांतले जवळपास ८० टक्के ओपिऑइडशी संबंधित. अतिमात्रेत पुष्कळदा दुसरे कुणीतरी त्याच घरात असते. ते माणूस घोरतोय असे समजून दिवा मालवते.

तेव्हा त्या पहिल्या हाकेचे उत्तर कसे असावे ते लिहूनच टाकू. ती घरघर झोपेची नसते. अर्धवट बंद झालेल्या श्वासमार्गातून हवा ओढली जात असते. मोठ्याने नाव घ्या, छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या सांध्यांनी जोरात घासा. जाग नाही, श्वास पाच सेकंदांतून एकदाही येत नाही, ओठ किंवा नखे निळी-राखाडी, यांतले काहीही दिसले तर: लगेच रुग्णवाहिका बोलवा, आणि फोनवर 'श्वास घेत नाही' हे शब्द आधी सांगा, काय घेतले याचा जाब देण्यात वेळ घालवू नका. दूध, मिठाचे पाणी, कॉफी काहीही पाजू नका, बेशुद्ध माणसाच्या ते फुप्फुसात जाते. गार पाणी ओतू नका. उताणे झोपवून हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा, दर पाच सेकंदांना एक श्वास तोंडाने द्या, छाती उचलली जाते का बघा. नालोक्सोनचा फवारा असेल तर एका नाकपुडीत पूर्ण दाबा. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरा, दुसऱ्या नाकपुडीत. कशावर आहे ते ठाऊक नसले तरी द्या. ओपिऑइड नसेल तर त्याने अपाय होत नाही. झायलाझिनसारखे गुंगीचे औषध मिसळलेले असेल तर श्वास परतूनही माणूस डोळे उघडणार नाही. श्वास चालू असेल तर फवाऱ्यामागून फवारा मारत बसू नका. कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे मोडून, म्हणजे उलटी झाली तर बाहेर पडेल.

यानंतरची ओळ बहुतेक पानांवरून गळते. नालोक्सोन अर्ध्या ते दीड तासात उतरते. शरीरातले ओपिऑइड त्याहून जास्त टिकू शकते. उठून बसलेला, ठीक आहे म्हणणारा, रुग्णवाहिकेला परत पाठवा म्हणून चिडलेला मित्र तासाभराने पुन्हा घोरायला लागू शकतो. त्याला आणखी काही घेऊ देऊ नका, एकट्याला खोलीत जाऊन झोपू देऊ नका, आणि तुम्हीही झोपू नका.